सात बुटके आणि एक गाडी

बालमित्रांनो, हिमगौरीची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. जंगलातल्या घरात सात बुटके राहतात. रोज सकाळी कुदळी खांद्यावर टाकून खाणीत जातात आणि दिवस मावळला की घरी येतात. पण मधल्या वेळात ते तिथे करतात काय, हे त्या गोष्टीत कुणी सांगतच नाही! किती खोल जातात? अंधारात पाणी लागलं तर काय करतात? दुपारी जेवतात कुठे? मी लहानपणी असं काही विचारलं, की गोष्ट सांगणारी आजी म्हणायची, "गुमान ऐक. हिमगौरीचं काय झालं ते महत्त्वाचं."

या दिवाळीच्या सुट्टीत आठवीतल्या माझ्या भाच्याने संगणकावर एक खेळ दाखवला आणि बुटक्यांचा तो हरवलेला दिवस मला तिथे सापडला. खेळाचं नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस', म्हणजे बुटक्यांचा किल्ला. दहा-बारा दिवस आम्ही दोघं त्याच्यापुढे बसलो होतो. (हे बुटके परीकथेतले बरं का! वर्गातल्या उंचीने लहान असलेल्या मित्राला ही हाक मारायची नाही.)

सुरुवात अगदी साधी आहे. वसंत ऋतू. डोंगराचा पायथा, थोडी झाडं, जवळून वाहणारं पाणी. सात बुटके आणि सामानाने भरलेली एक गाडी. ना घर, ना कुंपण. हिवाळ्याच्या आत डोंगराच्या पोटात राहायची जागा करायची, अन्न साठवायचं, निजायला खाटा करायच्या. आणि तुम्ही कोण? या सातांपैकी कुणीच नाही! तुम्ही फक्त नकाशावर खूण करायची, 'इथे खणा'. मग ज्याच्याकडे खणायचं काम आणि हातात कुदळ आहे तो बुटका आपल्या सवडीने येतो आणि खणतो. त्याला तहान लागली तर तो आधी प्यायला जातो. झोप आली तर तिथेच आडवा होतो. तुम्ही कितीही बटणं दाबा, त्याला हाताला धरून उठवता येत नाही. इतर खेळांत आपण बटण दाबलं की माणूस उडी मारतो. इथे तसं नाही, इथे तुम्ही मुकादम आहात, आणि तोही ज्याचं लगेच कुणी ऐकत नाही असा. मला तर माझा वर्गच आठवला!

आता हा किल्ला दिसतो कसा ते सांगते. एक वही डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पानावर झाडं आणि गवत. पान उलटलं की त्याच्या बरोबर खालची जमीन. आणखी एक उलटलं की त्याच्याही खालची. एका वेळी एकच पान दिसतं. वरच्या पानांत माती असते, ती पटकन खणली जाते. मग खडक सुरू होतो. खडक खणला की धोंडे निघतात, आणि त्याच धोंड्यांची दारं, टेबलं, भिंती होतात. खूप खाली, कितीतरी पानांनंतर, तप्त लाव्हा.

हे ऐकताना तुम्हाला काही आठवलं का? आपल्या हिंगोली जिल्ह्यात विहिरीचं काम पाहिलं नाही असं पोर विरळाच. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. कातळाला सुरुंग लावतात, यारीने दगड वर काढतात, आणि काठावर जमलेली म्हातारी माणसं 'किती परस झालं' याचा हिशोब करत बसतात. परस म्हणजे पुरुष, माणसाच्या उंचीवरून आलेलं जुनं माप. हा कातळ म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडला, थरावर थर साचून थंड झाला, आणि आपलं दख्खनचं पठार तयार झालं. गंमत म्हणजे बुटक्यांच्या खेळातल्या खडकांच्या यादीतही बेसॉल्ट आहे. ग्रॅनाइट, चुनखडी, वाळूचा खडक हेसुद्धा आहेत, आणि कोणत्या खडकात कोणता धातू सापडावा याचा विचार खेळ बनवणाऱ्यांनी खऱ्या भूगोलाकडे पाहून केला आहे.

जमिनीखाली काय आहे हा प्रश्न आपल्याकडे नुसता पुस्तकातला नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात लागोपाठ दोन धक्के बसले, पहिला ४.५ आणि दुसरा ३.६ तीव्रतेचा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाला तर जमिनीतून येणाऱ्या आवाजांची कितीतरी वर्षांची सवय आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना खालच्या थरांबद्दल प्रश्न पडतात ते यामुळेच.

पण एका बाबतीत खेळावर विश्वास ठेवू नका. खेळात छताचा आधार सगळ्या बाजूंनी तुटला तरच ते कोसळतं. खऱ्या मुरमाची कड मात्र काही न सांगता ढासळते. तेव्हा खेळ पाहून मुरमाच्या खाणीत भुयार खणायला जाल तर खबरदार!

खणताना मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. या खेळात भिंत बांधावी लागत नाही. जे खणायचं सोडलं ती भिंत! खोली काढायची म्हणजे काय खणायचं यापेक्षा काय ठेवायचं हे आधी ठरवायचं. सहलीला वेरूळला गेला असाल तर आठव्या शतकातलं कैलास लेणं आठवा. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातल्या कारागिरांनी ते कळसापासून पायाकडे कोरत आणलं. वरून खाली येताना खांबाची जागा चुकून खोदली गेली असती, तर तो खांब पुन्हा कुठून आणणार? बुटक्यांचंही तसंच. ते भिंती घासून गुळगुळीत करतात आणि मग त्यांवर चित्रं कोरतात. कशाची? कधी किल्ल्यातच घडलेल्या गोष्टींची! कोण जिंकलं, कोण गेलं, कुणी काय बनवलं.

आता पाण्याकडे येऊ, कारण भाच्याचा पहिला किल्ला पाण्यानेच बुडाला.

ओल्या खडकाजवळ पोचलं की हा खेळ खणणं आपोआप थांबवतो आणि सांगतो, 'इथे दगड ओलसर आहे'. लाव्हाजवळ गेलं तर सांगतो, 'दगड गरम आहे'. तरीही खणायचं असेल तर पुन्हा खूण करायची, मग मात्र तुमचं तुम्ही बघा. भाच्याच्या किल्ल्यात तेव्हा वीसेक बुटके होते. आत पाण्याची टाकी हवी म्हणून त्याने नदीपासून आतपर्यंत एक पाट खणायला घेतला. खेळाने ओलीची सूचना दिली, त्याने पुन्हा खूण केली. "मावशी, बघ आता कसं पाणी येतं!" असं तो म्हणाला, आणि पाणी आलंच. या खेळात पाण्याची उंची १ ते ७ आकड्यांत मोजतात. ७ म्हणजे छतापर्यंत तुडुंब. आधी टाकी भरली, मग टाकीशेजारचा जिना, मग जिन्याने उतरून खालची कोठारं आणि निजायच्या खोल्या. ४, ५, ६, ७. पाटाला दारच नव्हतं, तर बंद काय करणार?

योग्य रीत अशी की नदीकडची शेवटची चौकट न खणता ठेवायची. आधी आतला सगळा पाट करायचा, त्यात दगडी दार बसवायचं, ते दुरून उघडायला एक खटका जोडायचा, खटका ओढून पाहायचा, आणि मग शेवटची चौकट फोडायची. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरची दारं पाहिली असतील तर हे लगेच समजेल.

आठ बुटके बुडाले. भाच्याला वाटलं, उरलेल्यांना घेऊन खेळू. पण हे बुटके नुसते ठोकळे नसतात. प्रत्येकाला नाव आहे, आवडीनिवडी आहेत, नातलग आणि मित्र आहेत. मेलेल्यांना नीट पुरलं नाही तर त्यांची भुतं फिरतात. उरलेले दुःखी झाले, एकाने रागाने सामान मोडलं, दुसऱ्याने त्याला मारलं. दोन दिवसांत किल्ला संपला. भाचा रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला वहीत काढलेलं पाटाचं चित्र दाखवलं, त्यात दार होतं.

एवढं सगळं संगणकात भरलं कुणी? टार्न अ‍ॅडम्स आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी. २००२ मध्ये त्यांनी कामाला सुरुवात केली, २००६ च्या ऑगस्टमध्ये खेळ लोकांना दिला, तोही फुकट. टार्न गणितातला डॉक्टर. विद्यापीठातली नोकरी सोडून तो याच्याच मागे लागला. लोक आपणहून पैसे पाठवत आणि हे भाऊ त्यांना आभार म्हणून खडूने काढलेलं चित्र किंवा छोटी गोष्ट पाठवत. अशी कितीतरी वर्षं गेली. २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहासाठी १४ व्हिडिओ गेम निवडले, त्यांत हा होता. तुमच्यापैकी कितीतरी जण 'माइनक्राफ्ट' खेळतात. तो बनवणाऱ्या मार्कुस पेर्सोन यांनीही याच खेळापासून प्रेरणा घेतल्याचं सांगितलं आहे.

आणि इतकी वर्षं खेळात चित्रं नव्हतीच! 'डी' अक्षर म्हणजे कुत्रा, 'सी' म्हणजे मांजर, आणि हसरा गोल चेहरा म्हणजे बुटका. चित्रांची आवृत्ती ६ डिसेंबर २०२२ ला आली.

मांजरांवरून एक खरा किस्सा. २०१५ मध्ये खेळात बुटक्यांसाठी मद्यालयं आली. (पालकांनो, हे बुटके पाण्यापेक्षा मद्य जास्त पितात, हे आधीच सांगून ठेवते.) तर किल्ल्यांमधली मांजरं पटापट मरू लागली. कुणी मारतही नव्हतं, रोगही नव्हता. शेवटी शोध लागला. बुटके पेले हिंदकळत नाचायचे, जमिनीवर दारू सांडायची, मांजरं त्यातून चालत जायची आणि मग मांजराच्या सवयीने पंजे चाटून साफ करायची. खेळाच्या हिशोबात एका चाटण्याला एक पूर्ण पेला धरला जात होता! टार्नने मग तो हिशोब दुरुस्त केला. मांजर पंजे चाटतं, हे कुणी मुद्दाम दारूसाठी लिहिलं नव्हतं. दोन वेगवेगळे खरे नियम एकमेकांना भेटले आणि तिसरंच घडलं.

आमच्या शाळेत संगणक एकच, तोही वीज असेल तेव्हा. मग चौथीच्या मुलांनी हा खेळ चौकटीच्या वहीवर खेळायचं ठरवलं. सहा मुलं, सहा पानं. प्रत्येक पान म्हणजे एक थर. काळ्या खडूने खडक, निळ्याने पाणी, कोरी चौकट म्हणजे खणलेली जागा. पहिल्याच दिवशी भांडण! दुसऱ्या थरातल्या मुलीने जिना डाव्या कोपऱ्यात काढला आणि तिसऱ्या थरातल्या मुलाने उजव्या. बुटके उतरणार कसे? मग त्यांनी आपणच नियम केला, की जिना आणि पाणी काढण्याआधी वरच्याला आणि खालच्याला विचारायचं. चौथ्या दिवशी पाचव्या थरातला मुलगा गैरहजर होता. कुणीही त्याचं पान स्वतः भरलं नाही. "बाई, त्याच्या थरात काय आहे ते त्यालाच माहीत," असं म्हणाले. तुम्हीही घरी करून पाहा. सहा कागद, दोन खडू आणि न भांडणारे पाच मित्र मिळाले की झालं. तिसरी वस्तू मिळणं अवघड आहे.

आता पालकांसाठी चार शब्द. जुनी अक्षरांची आवृत्ती आजही मोफत मिळते, चित्रांची विकत घ्यावी लागते. सगळा मजकूर इंग्रजीत आहे आणि तो भरपूर आहे, त्यामुळे पहिला आठवडा शब्दकोश जवळ असू द्या. शत्रू हल्ले करतात आणि लढाईचं वर्णन बारीक असतं, म्हणून दहा वर्षांखालच्या मुलांना मी तरी तो देणार नाही. खेळ मध्येच थांबवता येतो, काळही तिथेच थांबतो. तेव्हा 'आई, आत्ता उठलो तर सगळे मरतील' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आणि मधूनमधून शेजारी बसून विचारा, "हा बुटका रुसून का बसलाय?" उत्तर ऐकण्यासारखं असतं. भाच्याच्या एका बुटक्याने तीन दिवस काम सोडून सुताराची जागा अडवून ठेवली होती, मनासारखं लाकूड आणि हाड मिळाल्यावरच तो हलला, आणि त्याने काय बनवलं? एक खाट. पण तिच्यावर हाडाचं काम!

भाच्याचा दुसरा किल्ला अजून उभा आहे. परवा त्याने सांगितलं, आता त्यात ४३ बुटके आहेत, जांभळ्या भूछत्रांची जमिनीखालची शेती बरी पिकतेय, शरद ऋतूत व्यापारी येऊन गेले. पाट पूर्ण झाला, दार बसलं, खटका दोनदा ओढून पाहिला. नदीकडची शेवटची चौकट मात्र त्याने अजून खणलेली नाही. म्हणतो, "मावशी, तू दिवाळीनंतर परत येशील ना, तेव्हा फोडू."