कर्णधार आजारी पडतो तेव्हा

२ एप्रिल २०११ ची रात्र आपल्यापैकी कोण विसरेल? वानखेडेवर धोनीने षटकार मारला, समोरच्या टोकाला उभा असलेला युवराजसिंग धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला आणि आपल्या बाजारपेठेत पहाटेपर्यंत फटाके वाजले. त्या विश्वचषकात युवराजने ३६२ धावा केल्या, १५ बळी घेतले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्याच स्पर्धेत, २० मार्चला चेन्नईत वेस्ट इंडिजविरुद्ध ११३ धावा काढताना हा पठ्ठ्या मैदानावरच खोकत होता, ओकत होता. "ऊन लागलं असेल," असे आपण सारे टीव्हीसमोर बसून म्हणालो. मी डॉक्टर, मीही तेच म्हणालो.

ते ऊन नव्हते. त्याच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये गाठ वाढत होती. प्रथम ती निरुपद्रवी असल्याचे सांगण्यात आले. २०१२ च्या फेब्रुवारीत मात्र सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आली की, युवराजला कर्करोग असून अमेरिकेत त्याची केमोथेरपी सुरू आहे. केस गेलेल्या युवराजचे छायाचित्र पाहून अनेकांच्या घशाखाली घास उतरला नाही. देवळात, मशिदीत, गुरुद्वारात त्याच्यासाठी प्रार्थना झाल्या.

'कॅन्सर म्हणजे कॅन्सल' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हा गडी मात्र ९ एप्रिलला मायदेशी परतला आणि ११ सप्टेंबर २०१२ रोजी चेन्नईतच न्यूझीलंडविरुद्ध पुन्हा मैदानात उतरला. त्याने २६ चेंडूंत ३४ धावा केल्या. सामना आपण एका धावेने हरलो, पण त्या रात्री हरल्याचे दुःख कुणाला झाले असेल असे वाटत नाही.

ही गाठ कसली होती?

युवराजला झालेला आजार 'सेमिनोमा' या प्रकारचा होता. ज्या मूळ पेशींपासून पुढे पुरुषाचे बीज तयार होते, त्या पेशींचा हा कर्करोग. गर्भात असताना या पेशी शरीराच्या मध्यरेषेवरून प्रवास करून आपल्या जागी पोहोचतात. काही पेशी वाटेतच राहतात आणि क्वचित पुढे छातीत गाठ धरतात. युवराजचे तसे झाले. एरवी या गाठीची नेहमीची जागा म्हणजे पुरुषाचे वृषण, म्हणजे अंडकोशातली गोटी. साधारण १५ ते ४० वर्षे या ऐन उमेदीच्या वयात ती होते.

आता यातली दिलासा देणारी बाजू. हा कर्करोग पसरलेला असला तरी औषधांनी बहुधा पूर्ण बरा होतो. इंडियानापोलिसचे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ साली सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीने या आजारात वापरले. तोपर्यंत पसरलेल्या आजारात दहातला एखादा रुग्ण वाचत असे. आज बहुतेक रुग्ण वाचतात. युवराजवर उपचार झाले ते याच डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

माझी चूक

हे सगळे आज लिहितो आहे ते युवराजसाठी नव्हे, आपल्याच तालुक्यातल्या एका कर्णधारासाठी. त्याचे नाव, गाव सांगणार नाही. कबड्डीचा उत्तम चढाईपटू. जत्रेतल्या स्पर्धेत तो चढाईला निघाला की बायाबापड्यासुद्धा ओट्यावर येऊन उभ्या राहत.

२०१२ च्या एप्रिलमध्ये तो माझ्या दवाखान्यात आला. बाहेर तीस-चाळीस पेशंट. "पकडीत मार बसलाय डॉक्टर, जांघेत जड जड वाटतं," म्हणाला. त्याने नेमके सांगितले नाही आणि मीही खोदून विचारले नाही. टेबलावर झोपवून तपासलेही नाही. सुजेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि चार दिवस विश्रांती घे म्हणून सांगितले. मन लावून तपासले असते तर दोन मिनिटे लागली असती. हा दोष सर्वस्वी माझा.

सप्टेंबरमध्ये, युवराज पुन्हा खेळला त्याच आठवड्यात, तो परत आला. सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिला. कंपाउंडरला बाहेर पाठवायला सांगितले आणि खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टर, युवराजला झालं होतं ते खालीपण होतं म्हणे. पेपरात वाचलं."

मी तपासले. उजव्या बाजूला सुपारीएवढी टणक गाठ होती, दाबली तरी दुखत नव्हती. मागून बॅटरीचा उजेड टाकून पाहिला. पाणी साचले असेल तर उजेड आरपार लाल दिसतो. इथे सगळा अंधार. पाच महिने त्याने ती गाठ आईपासून, मित्रांपासून आणि संघापासून लपवली होती. लाज हेच कारण. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि तिसऱ्या दिवशी रात्रीच्या एसटीने मुंबई.

शस्त्रक्रिया करून ते वृषण काढले. पोटातल्या ग्रंथींपर्यंत आजार पोहोचला होता, म्हणून केमोथेरपीच्या तीन फेऱ्या ठरल्या. लग्न व्हायचे होते म्हणून तिथल्या डॉक्टरांनी आधी वीर्य साठवून ठेवायला सांगितले. केमोथेरपीतल्या एका औषधाने क्वचित फुप्फुसांना इजा होते आणि कबड्डी तर दमाचा खेळ, म्हणून त्याच्या श्वासाचीही तपासणी होत राहिली.

चाहत्यांचे प्रेम आणि आईचे रडणे

बातमी फुटली आणि त्याच्या घरी रांग लागली. दिवसाला पंचवीस-तीस माणसे. कुणी भस्म आणले, कुणी कसली पूड आणली, कुणी खोकत खोकत येऊन उशाशी बसले. प्रेम सगळ्यांचेच होते, शंका नाही. पण केमोथेरपीनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी साधा सर्दी-खोकलाही जिवावर बेतू शकतो. त्यात 'गुप्तरोग आहे' अशी कुजबूज सुरू झाली. हा आजार संसर्गाने होत नाही, वाईट चालीने तर मुळीच होत नाही, हे मी चौकात उभा राहून किती जणांना सांगितले असेल!

त्याच सुमारास इंडियानापोलिसहून आणखी एक बातमी आली. तिथल्या कोल्ट्स या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक चक पगानो यांना रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचार युवराजच्याच रुग्णालयात. केमोथेरपीने त्यांचे केस गेले, तेव्हा संघातल्या बऱ्याच खेळाडूंनी स्वतःचे मुंडण करून घेतले. पगानो परत येईपर्यंत त्यांच्या कचेरीतला दिवा रात्रंदिवस जळत ठेवला होता. २४ डिसेंबरला ते कामावर परतले आणि स्वतःच्या हाताने त्यांनी तो दिवा मालवला.

आमच्या पोरांनी हे वाचले. सात जण न्हाव्याकडे गेले आणि तुळतुळीत डोक्यांनी कर्णधाराच्या दारात उभे राहिले. त्याची आई भाकऱ्या थापत होती. तिने वर पाहिले आणि हंबरडा फोडला. आपल्याकडे डोके कधी भादरतात हे त्या पोरांच्या ध्यानातच आले नव्हते! कर्णधार आतून बाहेर आला, सात डोक्यांवरून हात फिरवला आणि आजारपणात पहिल्यांदा खदखदून हसला. आईची समजूत काढायला मात्र मला जावे लागले.

वहीतले काम

त्या संध्याकाळी मंडळाच्या खोलीत मी सगळ्यांना बसवले. म्हणालो, "पोरांनो, दारात गर्दी करू नका. कामे वाटून घ्या." एक वही केली. कुणाचा रक्तगट कोणता, कुणी कधी रक्त दिले, मुंबईच्या कोणत्या खेपेला सोबत कोण जाणार, दोन म्हशींचे दूध कोण काढणार, उसाला पाणी कोण देणार, रात्री हाकेच्या अंतरावर कोण झोपणार. दवाखान्याचा खर्च सरकारी योजनेतून भागला, पण जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च उरतोच. त्यासाठी एक प्रदर्शनी सामना भरवला.

त्या वहीचे मोल दुसऱ्या फेरीनंतर दहाव्या दिवशी कळले. रात्री एक वाजता फोन वाजला. "डॉक्टर, दादाच्या अंगात ताप आहे. एकशे एक. घरचे म्हणतात सकाळी बघू." त्या दिवशी ओसरीवर झोपायची पाळी असलेला एकोणीस वर्षांचा पोरगा बोलत होता. मी ओरडलोच, "सकाळ नाही, आत्ता!" गाडी मिळेना. शेवटी नदीपलीकडच्या गावाच्या संघाने जीप दिली. हाच संघ, ज्याच्याशी दर जत्रेत आमची हमरीतुमरी ठरलेली. पहाटे तीनला तो जिल्ह्याच्या दवाखान्यात होता. पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या. शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली आणि चौथ्या दिवशी ताप उतरला. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झाले असते, हे मला ठाऊक आहे. त्याच्या आईला मी ते कधी सांगितले नाही.

टाळ्यांनी आजार बरा होतो का?

याच २०१२ सालच्या मार्चमध्ये इंग्लंडच्या ॲस्टन व्हिला या फुटबॉल संघाचा कर्णधार स्टिलियन पेट्रोव्ह याला रक्ताचा कर्करोग झाला. त्याच्या पाठीवरचा क्रमांक १९. पुढच्याच सामन्यापासून १९ व्या मिनिटाला सारे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पाहुण्या संघाचे चाहतेही त्यात सामील झाले. पेट्रोव्ह आजारातून बाहेर आला. मात्र बार्सिलोनाचे प्रशिक्षक टिटो विलानोव्हा यांच्यावरही चाहत्यांचे प्रेम काही कमी नव्हते. ते २५ एप्रिल २०१४ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी गेले.

तेव्हा स्पष्ट सांगतो. टाळ्यांनी गाठ विरघळत नाही. गाठ कोणत्या जातीची, ती कधी सापडली आणि उपचार पुरे झाले का, यावर निकाल ठरतो. म्हणून रुग्णाला सारखे 'लढ, लढ' म्हणू नये. जो गेला तो जिद्दीत कमी पडला, असा त्याचा अर्थ निघतो आणि तो खोटा आहे. मात्र चाहत्यांच्या आधाराने रुग्ण उपचार अर्धवट सोडत नाही, खेपा चुकत नाहीत, घर चालू राहते. हे फार मोठे काम आहे.

लक्षात ठेवा

१. तरुणांनी महिन्यातून एकदा गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर दोन्ही वृषणे अंगठा आणि बोटांत हलकेच फिरवून पाहावीत. टणक गाठ, एका बाजूचा आकार वाढणे किंवा जडपणा जाणवला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नये.

२. मार लागल्याने हा कर्करोग होत नाही. मार लागल्यावर तिकडे लक्ष जाते इतकेच. लहानपणी वृषण खाली न उतरलेल्यांनी अधिक काळजी घ्यावी.

३. अशा गाठीत कुणालाही सुई घालू देऊ नये. आधी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी.

४. तीन आठवड्यांवर टिकलेला खोकला, धाप लागणे, चेहरा किंवा मानेच्या शिरा फुगणे, यासाठी छातीचा एक्स-रे काढावा.

५. केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप आल्यास तो तातडीचा प्रसंग समजावा. गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये.

६. मुंबईला जाणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. तसेच रेशनकार्ड बरोबर ठेवून रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

आमचा कर्णधार २०१२ च्या डिसेंबरअखेर तिसरी फेरी संपवून घरी आला. वर्षभराने मैदानात उतरला, दोन हंगाम खेळला आणि मग शिट्टी गळ्यात घालून पोरांना शिकवू लागला. आज त्याला एक मुलगी आहे. तपासणीला तो अजून जातो आणि दरवेळी कागद आधी माझ्या टेबलावर आणून ठेवतो.

दर वर्षी नवी पोरे सरावाला आली की पहिल्या दिवशी तो त्यांना गोल बसवतो आणि वर लिहिलेला पहिला मुद्दा न लाजता सांगतो. पोरे खिदळतात. तो थांबतो, त्यांचे हसणे संपू देतो आणि म्हणतो, "मी लाजून पाच महिने घालवले. तुम्ही एक दिवसही घालवू नका."

त्यानंतर एखादा पोरगा माझ्याकडे येऊन बाकावर सगळ्यांच्या मागे बसतो. आता मी त्याला शेवटपर्यंत थांबवत नाही. आधी आत बोलावतो, दार लावतो आणि नीट तपासतो.