कॅमेरा घेताय? आधी लेन्सचं बोला!

बारसं असो, मुंज असो की सत्यनारायण, ‘फोटो हिलाच काढू दे, हिचे छान येतात,’ असं जिच्याबद्दल म्हणतात अशी एक जण प्रत्येक घरात असतेच. मोबाइलवर हौसेनं फोटो काढता काढता कुणीतरी तिला सुचवतं, ‘अगं, चांगला कॅमेरा घे की, ऑर्डरी मिळतील!’ आणि मग तो विचार डोक्यातून जाता जात नाही.

पनवेलसारख्या गावात तर ऑर्डरींना तोटा नाही. नवीन पनवेल, कामोठे, खारघरच्या सोसायट्यांमध्ये डोहाळजेवणं, बारशी, पहिले वाढदिवस बारा महिने चालू असतात. आजूबाजूच्या गावांतल्या आगरी-कोळी हळदी तर रात्रभर रंगतात. शिवाय बाईच्या हातात कॅमेरा असला की ओटी भरताना, बाळाला न्हाऊ घालताना घरातल्या बायका अवघडत नाहीत. हा आपला हक्काचा फायदा!

पण दुकानात पाऊल टाकलं की खरा गोंधळ सुरू होतो. काउंटरवरचा मुलगा एका हातात छोटा, हलका डीएसएलआर देतो आणि दुसऱ्या हातात चांगलाच जड. ‘ताई, हा नवशिक्यांचा आणि हा प्रोफेशनल. धंदा करायचाय ना? मग हाच घ्या.’ आता ‘नवशिकी’ म्हणवून घ्यायला कुणाला आवडतं?

माझ्या ओळखीची नवीन पनवेलमधली एक जण सध्या याच पेचात आहे. भिशीचे आणि शिकवण्यांचे मिळून तिच्याकडे ८० हजार जमलेत. दीर म्हणतात, ‘वहिनी, घ्यायचा तर फुल फ्रेमच घ्या, वरच्या रकमेचे हप्ते करू.’ सासूबाईंचं म्हणणं, ‘मोबाइलनं निघतात की फोटो!’ नवरा ‘तू ठरवशील ते’ म्हणून मोकळा. ठरवायचं तिनंच, आणि चुकलं तर बोलणी खायचीही तिनंच. कारण पहिली ऑर्डर कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, पण पहिला हप्ता मात्र पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला नक्की येतो!

तर मैत्रिणींनो, आधी या दोन कॅमेऱ्यांत फरक काय तो बघू. कॅमेऱ्यात पूर्वी जिथे फिल्म असायची तिथे आता सेन्सर असतो. प्रोफेशनल म्हणतात त्यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. म्हणून त्याला ‘फुल फ्रेम’ म्हणायचं. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत तो साधारण २२ ते २४ मिलिमीटर रुंद असतो. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर मोठा सेन्सर सव्वादोन ते अडीच पट भरतो. तेवढा जास्त उजेड तो गोळा करतो, म्हणून अंधाऱ्या जागी फोटोत दाणे कमी दिसतात.

किमतीतला फरक मात्र अडीच पटींचा नाही. कॅननचा १५००डी २०१८ मध्ये आला तेव्हा लेन्ससकट ३८ हजारांच्या आसपास होता. निकॉनच्या डी८५० ची २०१७ मध्ये नुसती बॉडीच अडीच लाखांच्या वर होती. लेन्स वेगळी!

आता गंमत बघा. छोट्या कॅमेऱ्याबरोबर १८-५५ ची ‘किट लेन्स’ येते. ती ५५ वर नेली की तिचं भोक जास्तीत जास्त एफ ५.६ एवढंच उघडतं. तिच्या जागी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली तर नऊ-दहा पट उजेड आत येतो. म्हणजे अडीच लाखांची बॉडी जे अडीच पटीनं करते, ते दहा-बारा हजारांची ही एवढीशी लेन्स नऊ-दहा पटीनं करते! चेहऱ्यामागचं सगळं धूसर होऊन बाळ तेवढं उठून दिसतं, तेही या लेन्सचंच काम. ‘प्रोफेशनल लुक’ म्हणून लोक जे मागतात ते बहुतेक हेच असतं.

अर्थात तिचेही नखरे आहेत. छोट्या सेन्सरवर ५० ची लेन्स बरीच जवळचं दाखवते. वन बीएचकेच्या हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकली तरी आत्या आणि मामी एका फोटोत मावत नाहीत. अशा घरांत ३५ ची लेन्स बरी पडते. आणि एफ १.८ वर घरच्या मंडळींचा ग्रुप फोटो काढलात तर पुढची रांग स्पष्ट, मागची रांग पुसट. मागे नेमके व्याही असले तर काय होईल ते मी सांगायला नको. ग्रुप फोटोला भोक लहान करायचं आणि फ्लॅश छताकडे वळवून मारायचा.

मेगापिक्सेलच्या आकड्यांना तर अजिबात भुलू नका. छोट्या कॅमेऱ्यांतही २४ मेगापिक्सेल असतात. त्यातून २० बाय १३ इंचांचा सुरेख प्रिंट निघतो. अल्बमला याहून मोठा फोटो कितीदा लागतो? उलट डी८५० सारख्या ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एकेक रॉ फाइल ५० एमबीच्या घरात जाते. घरातला जुना कॉम्प्युटर मान टाकतो आणि कॅमेऱ्यापाठोपाठ नवा लॅपटॉप येतो. त्याचे हप्ते निराळे.

मग महागडे कॅमेरे काय नुसते मिरवायला असतात? मुळीच नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांसाठी त्यातली एक सोय मला लाखमोलाची वाटते, ती म्हणजे कार्डांच्या दोन खाचा. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो. छोट्या कॅमेऱ्यात कार्ड एकच, आणि ते ऐन वेळी बिघडलं तर? बारशाचे फोटो दुसऱ्या दिवशी बाळाला पुन्हा पाळण्यात घालून काढता येतील, पण अंतरपाट काही कुणी पुन्हा धरत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. १५००डी सेकंदाला तीन फोटो काढतो आणि नेम धरायला त्याच्याकडे नऊ बिंदू आहेत. डी८५० सेकंदाला सात फोटो काढतो, बिंदू १५३. फडके नाट्यगृहात शाळेचं गॅदरिंग आहे, स्टेजवर लाल-निळा उजेड आहे, मुली गिरक्या घेताहेत, तिथे हा फरक ठळक कळतो. पावसाची भुरभुर, लग्नाच्या हंगामात रोजचं रगडणं, हेही ते धडधाकट कॅमेरे सोसतात. डी८५० चं शटर दोन लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे. पण वजन? लेन्स नसताना एक किलो! १५००डी त्याच्या निम्म्याहून कमी. साडी नेसून सकाळी हळदीपासून रात्री वरातीपर्यंत गळ्यात वागवून बघा, मग बोला.

छंद म्हणून कर्नाळ्याला जाणाऱ्या मैत्रिणींचं गणित आणखी वेगळं. १९६८ पासून अभयारण्य असलेलं हे जंगल पनवेलच्या उंबरठ्यावर आहे. तिथे भृंगराज किंवा स्वर्गीय नर्तक टिपायचा तर लहान सेन्सरच सोयीचा. त्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स साडेचारशेच्या वर असल्यासारखं दाखवते, पाखरू तेवढं जवळ दिसतं. फुल फ्रेमवर तेवढं जवळ आणायला मोठी लेन्स लागते. १५०-६०० च्या लेन्स दोन किलोच्या आसपास भरतात. ती घेऊन किल्ल्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याखालपर्यंत चढायचं म्हणजे...! असो.

म्हणून माझं सरळ मत : पहिली दोन वर्षं छोटी बॉडी घ्या आणि पैसा लेन्समध्ये घाला. माझ्या त्या ओळखीच्या मैत्रिणीलाही मी हेच सांगितलंय. छोटा कॅमेरा, एफ १.८ ची एक लेन्स, बरा फ्लॅश, दोन कार्डं आणि जादाची बॅटरी, हे सगळं ८० हजारांत बसतं. एखादी लग्नाची ऑर्डर आलीच तर दोन कार्डांचा फुल फ्रेम कॅमेरा मुंबईत दिवसाच्या भाड्यानं मिळतो. त्याचं भाडं ऑर्डरच्या रकमेत धरायचं. एका हंगामात अशी भाडी वारंवार भरावी लागली, तर मोठा कॅमेरा घ्यायची वेळ आली असं समजा.

घेताना काही खाचाखोचा मात्र बघाच, कारण दुकानदार त्या आपणहून सांगत नाहीत. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० जातीच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. तिच्यावर जुन्या पद्धतीची एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हातानं फिरवत बसावं लागतं, म्हणून लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलंय ना ते पाहा. कॅननच्या १५००डी आणि ३०००डीच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिनच दिलेली नाही, त्यामुळे स्वस्तातले एका पिनेवर चालणारे फ्लॅश तिथे पेटत नाहीत. शिवाय कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसत नाही. पुढे मोठा कॅमेरा घ्यायचं मनात असेल तर नुसती ‘ईएफ’ लेन्स घ्यावी.

आणखी एक. डीएसएलआरचा जमाना आता उतरणीला लागलाय. सोनीनं २०२१ मध्ये ते विकणं थांबवलं. कॅनन आणि निकॉननं २०२० नंतर नवं मॉडेल आणलेलं नाही, त्यांचं सगळं लक्ष आता आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे. यात आपलं नुकसानच आहे असं नाही. मोठमोठे फोटोग्राफर मिररलेसकडे वळले, त्यामुळे त्यांचे चांगले डीएसएलआर सेकंडहँड बाजारात येताहेत. आणि कॅननच्या ईएफ, निकॉनच्या एएफ-एस लेन्स अॅडाप्टर लावून त्यांच्याच मिररलेसवर चालतात, म्हणजे लेन्समध्ये घातलेला पैसा बुडत नाही.

सेकंडहँडसाठी पनवेलहून हार्बर लोकलनं थेट सीएसएमटीला जाता येतं. तिथून फोर्टातला बोरा बाजार पायी अंतरावर आहे. जाताना एक छोटी बॅटरी पर्समध्ये टाका, सेलची. लेन्समधून तिचा उजेड पाडला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असेल तर दिसते. दिसली की लेन्स खाली ठेवायची, किंमत कितीही उतरवून देवोत. शटर किती वेळा पडलंय तो आकडाही मागा. गाडीचं किलोमीटर बघतो तसंच हे.

बिल मात्र पक्कं आणि स्वतःच्या नावावर घ्या. होमाई व्यारावाला हे आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकाराचं नाव. १९१३ मध्ये नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाईंनी पुढे दिल्लीत साडी नेसून, अवजड कॅमेरे वागवून नेहरू-माउंटबॅटनपर्यंत सगळ्यांना टिपलं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं! आता तशी वेळ नाही. बिल, वॉरंटी कार्ड आणि ऑर्डरीची पावती, तिन्हीवर आपलंच नाव असू द्या. धंदा वाढवायला कर्ज काढाल तेव्हा बँकेत हेच कागद दाखवायचे आहेत.

कॅमेरा घरी आला की तो कपाटात साड्यांच्या घडीत जपून ठेवण्याचा मोह टाळा. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत जो दमटपणा असतो त्यानं लोणच्याला बुरशी येते, तशीच लेन्सलाही येते. कातडी पाकीट तर ओल धरून ठेवतं. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कॅमेरा त्यात ठेवा. निळ्या दाण्यांचं जेल असेल तर ते गुलाबी पडलं की ओल शोषून झाली असं समजायचं. मग कढईत मंद आचेवर निळं होईपर्यंत परतून, गार करून पुन्हा वापरायचं. ती कढई मात्र स्वयंपाकाला वापरू नका, वेगळीच ठेवा. डब्यात तांदूळ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याची भुकटी लेन्समध्ये जाते. आणि ऑर्डर असो-नसो, आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढाच.