राळेगणचा सूर्य साडेबाराला माथ्यावर येतो

पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी सगळ्यांना पाणलोटाच्या कामासाठी माहीत आहे. 2017 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला 2 मेगावॉटचा सौर प्रकल्पही याच गावी उभा राहिला, शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून. अशा प्रकल्पाच्या निर्मितीचे आकडे दूरच्या एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे ‘व्हीएम’वर, साठवले आहेत असं समजा. निरभ्र दिवसाचा आलेख उघडला की शिखर बाराला नसतं, साडेबाराच्या आसपास असतं. लगेच निदान होतं: व्हीएमचं घड्याळ अर्धा तास पुढे गेलंय.

ते जागच्या जागी आहे. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. राळेगणसिद्धी सुमारे 74.4 अंशांवर. अंशाला 4 मिनिटं धरली तर इथला सूर्य सरासरी 32 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे ही 32 मिनिटंही कायम राहत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह 12 वाजून 16 मिनिटांच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्याला 12:46 च्या आसपास. शंभरेक दिवसांत अर्धा तास, म्हणजे दिवसाला सरासरी 18 सेकंद. बिघडलेलं घड्याळ नेमकं असंच सरकतं, म्हणून हा चकवा भलताच पक्का आहे. सूर्याकडे बघून घड्याळ लावणारा चांगलं घड्याळ बिघडवतो.

शिखर सकाळी सातला दिसलं, तर तेही घड्याळाचं दुखणं नाही. नोंदी जागतिक वेळेत आहेत आणि साडेपाच तास मिळवायचे राहिलेत, एवढंच.

तेव्हा तुलना करायची ती टाइम सर्व्हरशी, आणि फरक किती यापेक्षा तो कसा वाढतो हे आधी पाहायचं. रोज थोडा थोडा वाढत असेल तर तो खरा ड्रिफ्ट. साध्या क्वार्ट्झ स्फटिकात दशलक्षात 20 भागांची चूक असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद जातात. एकाच झटक्यात काही मिनिटं गेली असतील, तर दुखणं वेगळं आहे.

हा झटका आला की लोक म्हणतात, ‘लाइट गेली, सेल उतरला असेल.’ मदरबोर्डवरचा गोल सेल खरा आहे, पण तो होस्टमध्ये, म्हणजे व्हीएम ज्यावर चालते त्या खऱ्या संगणकात. व्हीएमला स्वतःचा सेल नाही आणि स्फटिकही नाही. तिचा सगळा वेळ होस्टकडून उसना. तिला थांबवून तासाभराने पुन्हा चालू केलं, तर ती थांबल्या क्षणापासूनच मोजू लागू शकते. जुन्या स्नॅपशॉटवर परत नेलं तरी तसंच. पूर्वी आणखी एक कारण होतं: जुनी कर्नल्स टाइमरचे टोले मोजत, आणि गर्दीच्या होस्टवर व्हीएमला वेळेवर प्रोसेसर मिळाला नाही की टोले चुकत. आजची लिनक्स केव्हीएम या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीवर केव्हीएम-क्लॉकसारख्या स्रोतातून वेळ वाचते. म्हणून घड्याळाचा कोणता स्रोत निवडला गेलाय, ते तपासून घ्यावं.

टाइम सर्व्हरशी वेळ जुळवण्याची पद्धत म्हणजे एनटीपी. ‘एनटीपी चालू आहे, म्हणजे वेळ बरोबर’ हा गैरसमज मात्र अनुभवी लोकांतही आढळतो. ती पद्धत राबवणारा एनटीपीडी हा प्रोग्रॅम हळूहळू दुरुस्ती करतो तेव्हा त्याचा वेग दशलक्षात 500 भागांच्या पुढे जात नाही, म्हणजे दिवसाला फार तर 43 सेकंद. फरक 1000 सेकंदांहून मोठा दिसला, तर मूळ सेटिंगनुसार तो चक्क बंद पडतो. त्याच कामासाठी असलेली क्रोनी अधिक समजूतदार, पण अनेक वितरणांत तिला पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच उडी मारायची मुभा असते. त्यानंतर एक तासाचा फरक भरायला तिला साधारण 12 तास लागतात. वारंवार थांबवल्या जाणाऱ्या व्हीएमवर ही मुभा वाढवावी. डेटाबेस असेल तर आधी विचार करून, कारण घड्याळ मागे उडालं की नोंदींचा क्रम उलटतो.

‘एकाला दोन बरे’ म्हणून गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, एनटीपी आणि वरून व्हीएमवेअर टूल्सची नियमित वेळजुळणी, असंही ठेवतात. एका जुवाला दोन दिशांनी ओढणारे बैल! नियमित दुरुस्ती एकाकडेच द्यावी. टूल्समधली ती जुळणी बंद केली तरी थांबवून पुन्हा चालू करताना मूळ सेटिंगप्रमाणे टूल्स एकदा वेळ लावतातच. म्हणून होस्टचं घड्याळही बरोबर हवं. एका होस्टवरच्या सगळ्या व्हीएम सारख्याच चुकत असतील, तर गेस्टमध्ये खोदकाम करण्यात अर्थ नाही.

वेळ कुठून घ्यायची, यावर आता वाद उरलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, संगणक जोडायचे. यंत्रणा अनेक देशांत पसरलेली असेल तर इतर अचूक स्रोतही चालतात, फक्त त्यांची वेळ या दोघांपासून ढळता कामा नये.