बाग कोणाची?

‘बाग’ हा शब्द तुम्ही उर्दूत वाचता, तसाच मराठीतही वाचता. ‘मैदान’, ‘हवा’, ‘गुलाब’ हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. शब्द एकच, पण शहरातल्या प्रत्येक माणसाला बागेत एकच गोष्ट दिसते का? मुंबईच्या राणीच्या बागेचे उदाहरण घेऊ.

भायखळ्याची ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तिला इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले होते. म्हणून लोक तिला राणीची बाग म्हणू लागले. आता तिचे नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असे आहे. तेथे प्राणिसंग्रहालय आहे, तशीच हजारो झाडेही आहेत. मूळची आफ्रिकेतील गोरखचिंच आणि ब्रह्मदेशातील उर्वशी ही झाडे तेथे पाहायला मिळतात.

या बागेत काय आहे, असे एखाद्या लहान मुलाला विचारा. तो म्हणेल, “प्राणी!” वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी दुर्मिळ झाडांची नावे सांगेल. आजोबांना सकाळचा फेरफटका आठवेल. आसपासच्या मोहल्ल्यांत गल्ल्या अरुंद आहेत आणि अनेक घरे एका खोलीची आहेत. तेथे राहणाऱ्या बाईला बागेत तासभर मोकळी हवा मिळते. बाग एकच, पण तिची किंमत प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे ठरते.

बागेचे काही उपयोग मात्र चटकन दिसत नाहीत. झाडांच्या पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, त्यामुळे भोवतालची हवा थंड होते. सिमेंटच्या रस्त्यावरून पावसाचे पाणी वाहून जाते. बागेच्या मातीत ते मुरते. म्हणून जो कधीच बागेत जात नाही, त्यालाही बागेचा फायदा होतो.

लोकांचे मत वेगवेगळे असले की कधी कधी वादही होतो. २००७ साली महानगरपालिकेने राणीच्या बागेतील प्राणिसंग्रहालय नव्या पद्धतीने बांधण्याची योजना पुढे आणली. प्राण्यांना चांगली जागा मिळावी, हे योग्यच होते. परंतु त्यामुळे जुनी झाडे जातील, अशी भीती अनेक नागरिकांना वाटली. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली आणि आपले म्हणणे मांडले. पुढे त्या योजनेत बदल झाला. झाडांची ओळख असलेली माणसे होती, म्हणूनच झाडांच्या बाजूने कोणी तरी बोलले.

लोकांची नजर बदलू शकते, हे धारावीजवळ दिसून येते. तेथे मिठी नदीच्या काठी पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. त्या जागेकडे पाहून लोक नाक मुरडत. नंतर तेथे माती घालून झाडे लावण्यात आली. १९९४ साली ‘महाराष्ट्र निसर्ग उद्यान’ लोकांसाठी खुले झाले. आता शाळांची मुले तेथे पक्षी आणि फुलपाखरे पाहायला जातात.

पण बाग असणे आणि बाग मिळणे यांत फरक आहे. बाग घरापासून दूर असेल, तिकीट परवडत नसेल, बसायला बाक नसेल किंवा संध्याकाळी दिवे नसतील, तर पुष्कळ लोक तेथे जाऊ शकत नाहीत. मुली, वृद्ध आणि अपंग माणसे यांची तर जास्तच अडचण होते. ज्याला बागेत पाऊल ठेवता येत नाही, त्याला ती आपली कशी वाटेल?

मित्रांनो, तुमच्या घराजवळ एखादी बाग किंवा मैदान असेल. या रविवारी तुमच्या आजीला, शेजारच्या दुकानदाराला आणि धाकट्या बहिणीला एकच प्रश्न विचारा : “तुम्हांला ही जागा कशासाठी हवी?” उत्तरे वहीत लिहा. ती एकमेकांशी जुळणार नाहीत. पण सगळी उत्तरे एकत्र वाचलीत, म्हणजे बाग कोणाची हे तुम्हांला आपोआप समजेल.