द्राक्षवेलाची खरड छाटणी वेळेवर कां करावी ?

नाशिक, सांगली, सोलापूर, पुणें या जिल्ह्यांतील द्राक्षबागायतदार आक्टोबरच्या छाटणीस जितके जपतात, तितके एप्रिलच्या छाटणीस जपत नाहींत. कारण उघड आहे. आक्टोबरांत वेल छाटला कीं थोड्याच आठवड्यांत घड दिसूं लागतात. एप्रिलांत छाटला तर नुसतीं पानें व काड्या. माल विकून झालेला, विहिरीचें पाणी खालीं गेलेलें. अशा वेळीं 'आणखी पंधरा दिवसांनीं पाहूं' असें सहज मनांत येतें. परंतु पुढील हंगामाचें पीक पुष्कळदां याच दिरंगाईनें हातचें जातें.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यांत पानें गाळून झोपीं जातो व तेथें एकच छाटणी पुरते. आपल्याकडे तशी थंडी नसल्यामुळें वेल बारमाही हिरवा राहतो. म्हणून उन्हाळ्यांतील खरड छाटणीनें काडी तयार करावयाची व पावसाळा सरतांच गोडी छाटणीनें तिजपासून फळ घ्यावयाचें, अशी रीत पडली.

आतां घड आक्टोबरांत निर्माण होत नाहीं. तो त्या वेळीं केवळ बाहेर पडतो. त्याची घडण खरड छाटणीनंतर सुमारें ४० ते ६० दिवसांच्या काळांत नव्या काडीच्या डोळ्यांत होत असते, व तीस भरपूर सूर्यप्रकाश लागतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यांत छाटणी झाली तर हा काळ बहुतेक उन्हांतच पार पडतो. तीच मेमध्यें ढकलली तर मृग-आर्द्रांचे ढगाळ दिवस नेमके आडवे येतात. मग डोळ्यांत घडाऐवजीं बाळी धरते, आणि आक्टोबरांत वेल हिरवागार पण रिकामा फुटतो. त्या वेळीं खतास दोष देण्यांत अर्थ नाहीं.

माल उतरल्यावर वेलास दोन-तीन आठवडे विश्रांति हवी, हेंही खरें. ज्यांचा माल उशीरां निघतो त्यांची येथें ओढाताण होते. गोडी छाटणी अलीकडे घ्यावी तर परतीच्या पावसांत केवड्याची भीति. तेव्हां ज्यानें त्यानें आपल्या गांवचा पाऊस पाहूनच दिवस ठरवावा.

छाटतांना ओलांड्यावरील गेल्या वर्षाची काडी तळाशीं एक, फार तर दोन डोळे राखून कापावी. अधिक डोळे राखल्यास फूट ओलांड्यापासून दूर जाते व मंडपांत गर्दी होते. कात्री धारदार असावी. मोठ्या जखमांस मोरचूद व चुना यांची बोर्डो पेस्ट लावावी. फूट पांच-सहा पानांची होतांच विरळणी करावी, नाहींतर एका काडीची सावली दुसरीवर पडून वेळेवर केलेली छाटणीही फुकट जाते. मजुरी वांचविण्यासाठीं विरळणी टाळणें हा खोटा हिशेब होय. घड धरण्याच्या काळांत पाणी व नत्र बेतानें द्यावें. मात्र पाणी अगदींच तोडूं नये.

गोडी छाटणीपूर्वीं कांहीं काड्या प्रयोगशाळेंत नेऊन त्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घ्यावे. थॉमसन सीडलेस जातींत तळच्या डोळ्यांत घड कमीच असतात. म्हणून काडी कितव्या डोळ्यावर कापावयाची तें या तपासणीवरून ठरवावें.