झाकली मूठ, मुराकामींची

हारुकी मुराकामी यांची ‘१क्यू८४’ ही कादंबरी २९ मे २००९ रोजी जपानमधल्या दुकानांत आली, तेव्हा ती कशाबद्दल आहे याचा वाचकांना पत्ताच नव्हता. कथानकाचा सारांश नाही, मासिकात आगाऊ छापलेलं प्रकरण नाही, लेखकाची मुलाखतही नाही. शिंचोशा या प्रकाशनसंस्थेनं सांगितलं ते एवढंच, की कादंबरी दोन खंडांची आहे आणि प्रत्येकाची किंमत १,८०० येन, वर कर. जपानीत नऊला ‘क्यू’ म्हणतात, म्हणून नावावरून ऑर्वेलची ‘१९८४’ आठवत होती. बाकी सगळे तर्क.

ही युक्ती जाहिरातवाल्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती, हे विशेष. मुराकामींची आधीची मोठी दोन खंडी कादंबरी, ‘काफ्का ऑन द शोअर’, २००२ साली आली होती. त्या वेळी प्रकाशनाआधीच बरंच काही बाहेर आलं आणि कोऱ्या मनानं वाचायची मजा गेली, अशी वाचकांची तक्रार होती. ती मनावर घेऊन या वेळी तोंडाला कुलूप लावायचं ठरलं. पण परिणाम असा झाला, की जे भल्या मोठ्या जाहिरातीला जमलं नसतं ते गप्प बसण्यानं जमलं. काहीच सांगितलं जात नाही, हीच बातमी झाली. त्यातच फेब्रुवारीत मुराकामींनी जेरुसलेमला पुरस्कार स्वीकारताना उंच भिंत आणि तिच्यावर आपटून फुटणारं अंडं यांचा दाखला देऊन भाषण केलं होतं आणि ते जगभर गाजलं होतं. नवी कादंबरी त्याच वाटेनं जाणार का, यावर तर्ककुतर्क सुरू झाले. पहिल्याच दिवशी अनेक दुकानांतल्या प्रती संपल्या आणि दोन्ही खंड मिळून महिन्याभरात खप दहा लाखांपलीकडे गेला.

आता मागे वळून पाहताना जाणवतं, की या सगळ्याला जपानच्या पुस्तकव्यवहाराची रीतही तितकीच कारणीभूत होती. आपल्याकडे मोठं पुस्तक येणार म्हटलं की प्रकाशनपूर्व सवलत जाहीर होते. आधी पैसे भरा, कमी पैशांत घ्या. जपानमध्ये नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदारानं त्याच किमतीला ते विकायचं असतं. तोहान आणि निप्पान यांच्यासारखे बडे वितरक कुठल्या दुकानाला किती प्रती द्यायच्या ते ठरवतात. मोठ्या दुकानात खांबासारख्या थप्प्या लागतात आणि कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराच्या वाट्याला मूठभर प्रती येतात. भाव पाडून गिऱ्हाईक ओढता येत नाही, म्हणजे स्पर्धा करायची ती फक्त वेळेत. तुम्ही सकाळी दहाला दार उघडणार? मग आम्ही मध्यरात्री उघडतो. मुराकामींच्या पुस्तकांसाठी पुढे मध्यरात्री लागलेल्या रांगांमध्ये वाचकांचं वेड होतं, तसा हा रोकडा हिशेबही होता.

‘१क्यू८४’च्या पहिल्या खंडाच्या नावाखाली ‘एप्रिल ते जून’ असं छापलं होतं, दुसऱ्याच्या खाली ‘जुलै ते सप्टेंबर’. वर्षाचे तीन महिने अजून उरले आहेत, हे वाचकांच्या लगेच लक्षात आलं. तिसरा खंड १६ एप्रिल २०१० रोजी आला, ‘ऑक्टोबर ते डिसेंबर’. या वेळी पात्रं ठाऊक होती, अओमामे आणि तेंगो भेटतात की नाही एवढाच प्रश्न होता, तरी टोकियोतली काही दुकानं मध्यरात्री उघडली आणि दहा लाखांचा आकडा बारा दिवसांत गाठला गेला. मग लोक ‘जानेवारी ते मार्च’ची वाट पाहू लागले. तो खंड काही आला नाही. (त्याच २०१० च्या जुलैत आपल्याकडे नेमाड्यांची ‘हिंदू’ आली. तिची वाट लोकांनी इतकी वर्षं पाहिली होती, की पुस्तकाआधी त्याची आख्यायिकाच तयार होती. मराठी वाचकाला हा अनुभव अगदीच परका नाही.)

पुस्तकाबरोबर दुसऱ्याच वस्तू खपायला लागल्या, तो भाग मला सगळ्यात मजेशीर वाटतो. ‘१क्यू८४’च्या सुरुवातीला टोकियोच्या एक्स्प्रेसवेवर अडकलेल्या टॅक्सीत यानाचेक या संगीतकाराची ‘सिन्फोनिएत्ता’ वाजते. जॉर्ज सेलनं क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेल्या या रचनेच्या जुन्या ध्वनिमुद्रणाला अचानक गिऱ्हाईक आलं. २०१३ साली तेच संगीतकार लिस्टच्या बाबतीत झालं. नव्या कादंबरीतलं पात्र लाझार बेर्मान या रशियन पियानोवादकानं वाजवलेल्या लिस्टची तबकडी ऐकतं, म्हणून ती तबकडी बाजारातून गायब झाली आणि कंपनीला नव्यानं काढावी लागली.

ती कादंबरी म्हणजे लांबलचक नावाची ‘रंगहीन त्सुकुरु ताझाकी आणि त्याची तीर्थयात्रेची वर्षं’. या वेळेपर्यंत गुप्ततेचा विधी झाला होता. बुंगेइशुंजू या प्रकाशकानं फेब्रुवारीत सांगितलं, एप्रिलमध्ये कादंबरी येते आहे. नाव कळलं ते मार्चमध्ये. १२ एप्रिलच्या मध्यरात्री दाइकान्यामाच्या त्सुताया दुकानात उलटी मोजणी झाली आणि जिंबोचो या पुस्तकांच्या पेठेत सानसेइदो या नामांकित दुकानानं तात्पुरती आपली पाटीच बदलून ‘मुराकामी हारुकी-दो’ करून टाकली. दहा लाखांची मजल या वेळी सात दिवसांत. वाचकांच्या तक्रारीतून जन्मलेलं मौन इथे विक्रीचा हुकमी पत्ता झालं होतं, असं माझं मत आहे. कादंबरी तशी मवाळ, पाच मित्रांच्या तुटलेल्या मैत्रीची. उलटी मोजणी करावी असं तिच्यात काही नव्हतं.

दोन वर्षांनी दुकानदारांनी डाव आणखी पुढे नेला. सप्टेंबर २०१५ मध्ये मुराकामींचं लेखनव्यवसायावरचं निबंधांचं पुस्तक आलं. पहिल्या आवृत्तीच्या एक लाख प्रतींपैकी नव्वद हजार किनोकुनिया या दुकानांच्या साखळीनं एकहाती उचलल्या आणि त्यांतल्या काही इतर दुकानांना पुरवल्या. ऑनलाइन विक्रेत्यांच्या हाती फार काही लागू नये, हा उद्देश त्यांनी उघड सांगितला होता. २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘किलिंग कमेंडाटोरे’च्या दोन खंडांच्या तर सुरुवातीलाच मिळून तेरा लाख प्रती छापल्या गेल्या. आधी वाचकांच्या मागणीमागे छपाई धावत होती, आता मागणी गृहीत धरून छपाई होऊ लागली.

२०२३ ची गोष्ट मात्र वेगळी. शिंचोशानं नेहमीप्रमाणे हातचं राखून सांगितलं, की नवी कादंबरी जपानी हस्तलिखिताच्या बाराशे पानांची आहे. नाव जाहीर झालं, ‘शहर आणि त्याच्या बेभरवशाच्या भिंती’, आणि जुन्या वाचकांना ओळख पटली. याच नावाची दीर्घकथा १९८० साली ‘बुंगाकुकाई’ मासिकात आली होती. ती मुराकामींना मनासारखी वाटली नाही आणि त्यांनी ती पुस्तकात कधी घेतलीच नाही. वाचायची तर मासिकाचा जुना अंक शोधायचा. १९८५ च्या एका कादंबरीत तिचं बीज त्यांनी वापरलं, तरी मूळ कथेचं ओझं काही उतरलं नव्हतं. करोनाच्या काळात घरी बसून त्यांनी तीच गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. १३ एप्रिलला रांगा लागल्या, पण त्यात त्रेचाळीस वर्षं एका अपुऱ्या गोष्टीची वाट पाहिलेले लोकही असणार. ती उत्सुकता कुठल्या प्रकाशकाला घडवून आणता येत नाही.

आपण भारतातले वाचक या खेळात नेहमी उशिरा पोचतो. ‘१क्यू८४’ इंग्रजीत यायला ऑक्टोबर २०११ उजाडला, तोही जे रुबिन आणि फिलिप गॅब्रिएल या दोन अनुवादकांनी काम वाटून घेतलं म्हणून. ‘शहर’ इंग्रजीत आली नोव्हेंबर २०२४ मध्ये. तोवर कथानक, परीक्षणं, नाराजीचे सूर सगळं आपल्यापर्यंत येऊन थडकलेलं असतं. जपानी वाचकानं काहीच माहीत नसताना वाट पाहिली आणि आपण सगळं माहीत असून पाहतो. मला विचाराल तर आपलीच सोय बरी. एवढं सगळं कळल्यावरही जे पुस्तक वाचावंसं वाटतं, त्याला निदान गुपिताचा आधार लागलेला नसतो.