साखर आणि दातांचे आरोग्य

मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ कोणता, असे वर्गात विचारले असता बहुतेक विद्यार्थी 'हाड' असे उत्तर देतात. वस्तुतः तो मान दातांवरील शुभ्र कवचाचा आहे. परंतु मोडलेले हाड सांधते. या कवचास एकदा खळगा पडला की तो आपोआप भरून येत नाही. असे हे कवच साखरेपुढे का हार खाते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो.

ज्यास आपण 'दाताची कीड' म्हणतो, तो डोळ्यांस दिसणारा किडा नव्हे. विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिन येथे संशोधन करून १८९० साली आपल्या ग्रंथात याचे कारण उलगडून दाखविले. दातांवर जमणाऱ्या चिकट थरात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. आपण खाल्लेल्या साखरेपासून ते आम्ल तयार करितात. विरजलेल्या दुधास जे आम्ल आंबटपणा आणते, मुख्यत्वे तेच हे होय. हे आम्ल कवचातील खनिजे विरघळविते. सुदैवाने आपली लाळ आम्लाचा जोर मोडते व गेलेली खनिजे काही अंशी परत देते. मात्र तिला सुमारे अर्धा ते एक तास अवधी लागतो.

यावरून हे उघड होते की, साखर किती खाल्ली याबरोबरच ती किती वेळा खाल्ली, यासही मोठे महत्त्व आहे. जेवणाबरोबर खाल्लेला लाडू दातांवर एकच घाला घालतो. दर तासाला चघळलेली गोळी लाळेस उसंतच देत नाही. स्वीडन देशातील एका संस्थेत १९४५ नंतर मतिमंद रुग्णांवर, त्यांची संमती न घेता, याविषयी प्रयोग झाले. ती रीत निंद्यच होती. तथापि जेवणांच्या मध्यंतरी खाल्लेली चिकट टॉफी दातांस सर्वाधिक घातक, हे तेथे निर्विवाद दिसून आले. गूळ व मध यांतही साखरच असते, हे विसरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले की, मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाकाठी सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवल्यास अधिक हितावह. शीतपेयाची एकच बाटली पुष्कळदा ही मर्यादा ओलांडते!

पालकांस एक विशेष विनंती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून ती दुधाचीच समजून तिची हेळसांड होते. वास्तविक ती जन्माची सोबतीण आहे. तसेच झोपेत लाळ कमी सुटते. यास्तव रात्री दात घासल्यावर मुलांस साखर घातलेले दूध देऊ नये.

संक्रांतीचा तिळगूळ किंवा दिवाळीचा फराळ कोणी सोडावा, असे आमचे म्हणणे नाही. गोड खावे ते जेवणाबरोबर व बेताने; मधल्या वेळी चणे, शेंगदाणे, काकडी खावी; तहानेस पाणी प्यावे; आणि सकाळी व रात्री फ्लोराइडयुक्त दंतमंजनाने दात घासावे. विद्यार्थीमित्रहो, दुसऱ्यांदा आलेले दात तिसऱ्यांदा येत नाहीत, एवढे ध्यानात ठेवा.